‘बघतो’ कोण म्हणालं? लॉगरच्या कामाला निघालेल्यांसाठी

गेल्या दोन महिन्यांत चौघांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली. "ताई, लॉगरची जागा मिळत्येय, घेऊ का?" चौघांशीही तासतासभर बोलले आणि चौघांनाही तेच सांगितलं. म्हणून आता लिहूनच काढते.

लॉगिंग म्हणजे रिॲलिटी शोच्या पडद्यांसमोर बसून कोण, कधी, काय बोललं आणि केलं याची नोंद लिहीत जाणं. त्यापुढचं, म्हणजे टाइमकोड (चित्रणातली नेमकी वेळ) कसा लिहायचा, पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, कोण काय करतं, हे इथे सांगत नाही. जागेपर्यंत पोचला आहात म्हणजे ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल तर पहिल्या दोन शिफ्टमध्ये कळतं. मी ज्या कार्यक्रमात होते त्याचं नावही सांगणार नाही, कारण करारावर सही केलेली आहे. हिंदी कार्यक्रम, एक बंद घर, एकमेकांना न ओळखणारे स्पर्धक, आणि दिवसभराच्या एका तासाच्या भागाखेरीज ॲपवर चोवीस तास लाइव्ह. एवढं पुरे.

जागा घ्या. टीव्हीत काम करायचं असेल तर माणसं बोलतात कशी, खोटं कशी बोलतात, रडायच्या आधी हात कुठे जातात, हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पण पगाराकडे बघून घेऊ नका. पैसे शिफ्टवर मिळतात आणि हातात पडायला तीन महिने जातात. आठ तासांची शिफ्ट दहाची होते, कारण पुढचा माणूस येऊन त्याला घरात चाललेल्या गोष्टींचे सगळे धागे समजावून दिल्याशिवाय उठता येत नाही. मुंबईत राहायची सोय आणि तीन महिन्यांचा खर्च हातात नसेल तर आधी तो जमवा, मग या. मी जमवला नव्हता. नाशिकहून आले तेव्हा मावशीकडे राहायचं ठरलं होतं. रात्रीच्या शिफ्टमुळे पहाटे साडेपाचला तिची बेल वाजवायला लागले आणि महिन्याभरात आमच्या दोघींत जे झालं ते अजून पुरतं निवळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. नवीन मुलांना वाटतं, आपण फक्त टाइप करतो, निर्णय वरचे घेतात. हा समज पहिल्या दिवशीच काढून टाका. वीकेंडला सूत्रसंचालक स्पर्धकाला उभं करून विचारतो ना, "बुधवारी रात्री तू तिच्याबद्दल काय म्हणालास?" हिंदी ‘बिग बॉस’मधला ‘वीकेंड का वार’ असो, नाहीतर २०२४ साली मराठीत रितेश देशमुखांचा ‘भाऊचा धक्का’, असा प्रश्न हवेतून येत नाही. चोवीस तासांचं चित्रण कोणीही बसून पुन्हा बघत नाही, बघणं शक्यच नसतं. क्रिएटिव्हची माणसं, म्हणजे भागात काय दाखवायचं ते ठरवणारी, लॉग शोधतात. लॉगमध्ये जे नाव असतं त्या नावानं क्लिप निघते, क्लिपवर सबटायटल चढतं, आणि तो प्रसंग त्या नावाचा होतो. पुढच्यानं ऐकून खात्री केली तर केली. घाईत ती होत नाही.

आणि इथेच मी फसले. हा भाग लांब होणार आहे, पण तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे वाचा.

आमच्या घरात मराठी बोलणारे दोघं होते. एक मुंबईतच वाढलेला मुलगा, दुसरी कोल्हापूरकडची मुलगी. नियमानं घरात हिंदी बोलायचं. दिवसा कोणी मराठीत सुरू झालं की घोषणा व्हायची. पण रात्री दिवे गेले की माणूस आपल्या भाषेत येतोच. टीममध्ये मराठी नीट कळणारी त्या पाळीत मी एकटीच, त्यामुळे मराठी कुजबुज आली की हेडफोन माझ्याकडे. याचा मला अभिमान वाटायचा. मी ऐकते आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतात, यात एक गुंगी असते. त्या गुंगीचा धोका मला तेव्हा कळला नाही: मी जे लिहीन ते तपासणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी नॉमिनेशन, म्हणजे घराबाहेर कोणी जावं त्याची नावं देणं, झालं होतं. रात्री दोनच्या पुढे बेडरूममध्ये शेजारशेजारच्या पलंगांवरून या दोघांचं कुजबुजणं सुरू होतं. विषय घरातली तिसरी एक मुलगी, या मुलाची जवळची मैत्रीण. कॅप्टनपदाच्या टास्कमध्ये तिला पुढे करायचं की नाही, असं काहीतरी. आणि मग एक वाक्य आलं: "तिला मी आधी वापरून घेतो, मग बघतो काय करायचं ते."

मी लिहिलं. वेळ, बेडरूम, त्या मुलाचं नाव, आणि ते वाक्य हिंदीत.

का लिहिलं? माझ्याकडे दोन पुरावे होते आणि दोन्ही भक्कम वाटत होते. पहिला, आवाज त्याच्या माईकच्या चॅनलवर आला होता. दुसरा, वाक्यात ‘घेतो’ आणि ‘बघतो’ होतं. मुलगी असती तर ‘घेते’, ‘बघते’ म्हणाली असती.

नाशिकच्या मुलीला हे असंच वाटणार. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना एव्हाना कळलं असेल मी काय केलं ते. तिकडे मुली, बायका सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी करतो की’ म्हणतात. वाक्य तिचं होतं.

आता एकेक पुरावा उलगडून सांगते, कारण तुम्हीही याच दोन गोष्टींवर भरवसा ठेवणार आहात.

आधी माईक. स्पर्धकाच्या छातीवर लॅपल माईक असतो, कमरेला ट्रान्समीटर, आणि कंट्रोल रूममध्ये प्रत्येकाचा चॅनल वेगळा. दिवसा, उभं राहून, मोठ्यानं बोलताना हे बहुतेक वेळा बरोबर चालतं. रात्री लोक माईक उशीखाली टाकतात, दोन पलंगांच्या मधल्या फटीत लटकवतात, अंगाखाली दाबतात. त्यात बॅटरी उतरते. तिची उतरली होती. साउंडवाल्यांच्या पडद्यावर ते दिसत होतं, मी विचारलं नाही. तिचा चॅनल मुका होता, म्हणून तिची कुजबुज शेजारी पडलेल्या त्याच्या माईकनं उचलली. कुणाच्या माईकवर ऐकू आलं यावरून माईक कुठे आहे ते कळतं. बोलणारं कोण, ते कळत नाही.

मग आवाज. तुम्ही म्हणाल, बाईचा आणि पुरुषाचा आवाज कळत नाही का? मोठ्यानं बोलताना कळतो. कुजबुजताना स्वरतंतू कंपत नाहीत, नुसता श्वास घासत बाहेर येतो. आवाजाचा बारीकपणा किंवा जाडपणा ज्यावरून आपण ओळखतो तो कुजबुजीत उरतच नाही. त्यावर पांघरूण घ्या, त्यावर एसीची घरघर घ्या. ओळखीच्या माणसाची कुजबुजही फसवते. तुम्हाला पटत नसेल तर घरी दिवा मालवून भावंडांबरोबर करून बघा.

चित्र? रात्रीचे कॅमेरे इन्फ्रारेडवर चालतात. पडद्यावर सगळं राखाडी. दिवसभर ‘निळा पलंग’, ‘लाल पलंग’ म्हणून ज्या खुणा डोक्यात बसवल्या त्या रात्री नाहीशा होतात. निळं आणि लाल पांघरूण सारखंच दिसतं, डोळे नुसते चमकतात. आणि तोंड पांघरुणात असेल तर ओठ कोणाचे हलले ते दिसण्याचा प्रश्नच नाही.

आणि शेवटी क्रियापद. मराठी आपल्याला लाडावून ठेवते. वर्तमानकाळात ‘जातो’, ‘जाते’ म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई ते कळतं, असं आपण धरून चालतो. पण ‘मी जाईन’, ‘मी बघीन’ यात काहीच कळत नाही. ‘मी पोळी खाल्ली’ हे बाबा म्हणाले तरी तसंच आणि आई म्हणाली तरी तसंच, तिथे क्रियापद पोळीच्या मागे जातं. म्हणजे प्रमाण मराठीतही ही खूण अर्ध्याच वेळा मिळते. आणि जिथे मिळते तिथे ती माझ्या शहराच्या, माझ्या शाळेच्या मराठीत मिळते. कोल्हापूरची मराठी ही काही चुकलेली मराठी नाही की तिला दुरुस्त करून ऐकावं. मी तिला माझ्या कानानं ‘दुरुस्त’ केलं आणि वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं. हिंदीवाल्या मित्रांनो, तुम्हीही सुटला नाहीत. बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातल्या मुली ‘हम जाएँगे’ म्हणतात. नुसतं ते वाचून कोणी बोललं हे ठरवायला गेलात तर माझ्याच जागी येऊन बसाल.

पुढे काय झालं तेही सांगते. ते वाक्य दुसऱ्या दिवशीच्या भागात गेलं. राखाडी चित्र, खाली त्याचं नाव आणि सबटायटल. एका मुलानं आपल्या मैत्रिणीबद्दल ‘तिला मी आधी वापरून घेतो’ म्हणणं कसं ऐकू येतं ते तुम्हीच बघा. तेच वाक्य एका मुलीनं प्रतिस्पर्धी मुलीबद्दल म्हटलं तर तो खेळातला डाव आहे, थोडा कोरडा, पण डाव. शब्द तेच. नाव बदललं आणि अर्थ पार बदलला.

चूक मी पकडली नाही. आमच्यापैकी कोणीच पकडली नाही. ती पकडली लाइव्ह बघणाऱ्यांनी. रात्री दोन वाजता ॲपवर जागे असलेले लोक होते. त्यांनी तो तुकडा साठवून ठेवला होता, त्याच्या दहा मिनिटं आधीचाही. त्या आधीच्या तुकड्यात तीच कुजबुज म्हणते, "मी जातो बाथरूमला," आणि पलंगावरून उठते ती मुलगी. स्पष्ट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, ऐकणाऱ्याला कान नाहीत का?" मी ती दहा मिनिटं स्वतः लॉग केली होती. ‘बाथरूमला जाते’ असं लिहिलं होतं. उठताना दिसली म्हणून ‘जाते’ लिहिलं. ती ‘जातो’ म्हणाली हे कानावरून गेलं आणि मी लिहिताना बदललं. पुरावा माझ्याच हातानं मी पुसला होता.

आमच्या स्टोरी प्रोड्यूसरला सगळे दीदी म्हणायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं, आवाज न चढवता एवढंच विचारलं, "सुना, देखा, कि समझा?" मी म्हटलं, समझा. त्या म्हणाल्या, लॉगमध्ये ते तिसरं लिहायचं नसतं.

ॲपवरच्या भागातलं सबटायटल संध्याकाळपर्यंत बदललं. पण तोवर त्या मुलाच्या बहिणीच्या फोटोंखाली जे लिहिलं गेलं होतं ते मी वाचलेलं आहे. तो आत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. सकाळी गाणं वाजल्यावर नाचत होता, मी पडद्यावर बघत होते. तीन आठवड्यांनी तो बाहेर गेला. त्याला कमी मतं का पडली, त्यात माझ्या ओळीचा वाटा किती, हे कळायला काही मार्ग नाही. मी त्याला पत्र लिहिलं होतं. पाठवता आलं नाही, करार आडवा येतो. ते अजून माझ्याकडे आहे.

घाबरवायला हे लिहीत नाही. चूक होऊनही मला कामावरून काढलं नाही, आणि पुढच्या पर्वात परत बोलावलं. मी काम करण्याची पद्धत बदलली, एवढंच. ती पद्धत अशी.

दिवे जायच्या आधी कागदावर पलंगांचा नकाशा काढते. कोण कुठल्या पलंगावर, डोकं कुठल्या बाजूला, शेजारी कोण, माईक कुठे ठेवला. रंग लिहीत नाही, जागा लिहिते: दारापासून तिसरा, आरशाला लागून. कोणी मध्यरात्री पलंग बदलला की बाण काढते. सात मिनिटांचं काम आहे आणि त्या सात मिनिटांत कोणी महत्त्वाचं भांडलं तर ते शेजारचा लॉगर बघून घेतो, त्याला आधी सांगून ठेवायचं.

साउंडच्या माणसाला दर तासाला एकदा विचारते, कुणाची बॅटरी उतरली आहे का, कुणाचा माईक दुसऱ्याचं उचलतोय का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा दादा चकित झाले. लॉगिंगमधून कोणी विचारत नाही म्हणाले.

कुजबुजीत वजनदार वाक्य आलं, म्हणजे कुणाचं नाव, आरोप, शिवी, डाव, तर नाव लिहायच्या आधी दहा मिनिटं मागे जाते. त्या माणसानं त्या दहा मिनिटांत असं काही केलेलं असतं ज्यावरून तो कोण ते कळतं. उठलेला असतो, खोकलेला असतो, कोणी त्याला नावानं हाक मारलेली असते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक स्पर्धकाची बोली लिहून काढते. कुठला, घरी काय बोलतो, रागात काय बोलतो. नागपूरकडचा मुलगा ‘काय करून राहिला बे’ म्हणाला तर तो नुसतं काय करतोयस विचारतोय. त्यातला ‘बे’ ऐकून ‘उद्धटपणे’ लिहिलंत तर तुम्ही त्याच्यावर अन्याय केलात. तो मित्राशीच तसं बोलतो, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी उलट अदबीनं बोलतो. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यातलं एक तरी नीट कानावरून गेलेलं असेल तर तुमची किंमत या कामात दुप्पट आहे, आणि मुलाखतीत ते ठासून सांगा. लाजू नका. आपण गावाची बोली लपवून टीव्हीत जातो, आणि तिथे हवी असते नेमकी तीच.

आणि प्रश्नचिन्ह. खात्री नसेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. नवीन मुलं टाकत नाहीत, कमीपणा वाटतो. अर्धवट खात्रीनं लिहिलेलं नाव आणि पूर्ण खात्रीनं लिहिलेलं नाव कागदावर सारखंच दिसतं, वाचणाऱ्याला फरक कळायला दुसरा मार्ग नाही.

विशेषणांचं थोडक्यात: ‘चिडून’, ‘खोटं हसत’, ‘नाटकीपणे’ लिहू नका. ‘ताट आपटलं’ लिहा, ‘आवाज चढवला’ लिहा. याची ताकीद सगळेच देतात, म्हणून लांबवत नाही.

तयारी कशी करायची, हे सगळे विचारतात. वीकेंडच्या वर्कशॉपला पैसे घालू नका. रिॲलिटी शो लेखनाच्या दोन वर्कशॉप मी केल्या, दोन्हीकडे ‘ड्रामा कसा ओळखावा’ शिकवलं आणि कान कसा ठेवावा हे एकानंही शिकवलं नाही. त्यापेक्षा चोवीस तासांचं जे काही लाइव्ह सापडेल ते घ्या. अमेरिकेत २००० सालच्या पहिल्या पर्वापासून ‘बिग ब्रदर’चं घर इंटरनेटवर लाइव्ह दिसत आलं आहे. आपल्याकडे २०२१ साली ‘बिग बॉस ओटीटी’ आणि २०२२ साली ‘लॉक अप’ आल्यावर रात्रभर बघणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. पुढचं पर्व आलं की रोज एक तास लाइव्ह लावा आणि लॉग करा. त्यातला कंटाळवाणा तासच निवडा, भाजी चिरतानाचा. मग दुसऱ्या दिवशीचा भाग बघा आणि त्या तासातलं त्यांनी काय घेतलं, काय टाकलं ते ताडून बघा. दोन आठवडे हे केलंत तर कुठल्याही वर्कशॉपपेक्षा पुढे असाल.

आवाजावरून आपोआप मजकूर काढणारी साधनं आता सगळीकडे आहेत. वापरा, पण फक्त शब्दांसाठी. बोलणाऱ्याचं नाव त्यांच्यावर कधीच सोडू नका. मी ज्या कारणांनी फसले त्याच कारणांनी ती फसतात. दुप्पट वेगानं ऐकण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. दुप्पट वेगात शब्द कळतात, थांबणं कळत नाही, आणि ‘हो’ म्हणायच्या आधी माणूस किती थांबला यातच बरंचसं असतं. शेजारच्याच्या लॉगमधून ओळ उचलू नका. त्याची चूक असेल तर ती आता दोघांच्या नावानं उभी राहते आणि दोघांनी लिहिलं म्हणजे खरंच असणार असं सगळे समजतात.

गुरू कोणाला करायचं? सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या क्रिएटिव्हला नक्कीच करू नका. तो तुम्हाला आठवडाभरात हुशार वाटायला लावेल आणि त्याच्या मनात जी गोष्ट आधीच लिहून झालेली आहे ती तुम्ही पडद्यावर शोधायला लागाल. साउंडच्या माणसाशेजारी बसा. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नसतं, त्यांना आवाज कुठून आला एवढंच हवं असतं. दोन जण मिठी मारतात तेव्हा माईकवर धडधड ऐकू येते, ती कुणाची, हे मला त्यांनीच शिकवलं.

आता एक गोष्ट जी नियमावलीत लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. कोणी स्पर्धक स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, विनोदानंही बोलला, तर आधी हात वर करा, लॉग नंतर. ‘वर सांगण्याइतकं हे मोठं आहे का’ असा विचार करत बसू नका. तो विचार करायला वेगळी माणसं असतात. ऐकलेलं वर गेलं नाही तर काय होतं ते बघा. २००७ साली ब्रिटनमधल्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी यांना जे वर्णद्वेषी बोलणं ऐकावं लागलं त्यावर चाळीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. मग तिथल्या ऑफकॉमनं, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, चौकशी केली, त्यात न दाखवलेल्या चित्रणातली काही वाक्यं वाहिनीपर्यंत पोचलीच नव्हती, हेही निघालं. ज्यानं ती पहिल्यांदा ऐकली असतील त्याच्या खुर्चीचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

लाइव्ह असलं की ही जबाबदारी आणखी वाढते. तिकडे ब्रिटनमध्ये कोणी बदनामीकारक काही बोललं की लाइव्हवर आवाज बंद करून पाखरांची किलबिल लावत. आपल्याकडे आवाज जातो किंवा कॅमेरा बागेवर जातो. ते बटण दाबणारा माणूस तुमच्या हाकेची वाट बघत असतो. हाक द्यायला दोन सेकंद उशीर झाला तर ते वाक्य हजारो फोनवर साठवून झालेलं असतं.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल, आपल्याला हे जमणार नाही. बोटं मागे पडतील, तीन जण एकदम बोलतील, शिफ्ट संपल्यावर झोपेत स्पर्धकांचे आवाज ऐकू येतील. सगळ्यांना येतात. माझा टायपिंगचा वेग आजही टीममध्ये खालून दुसरा आहे आणि त्यानं काही अडलेलं नाही. पंधराव्या दिवसाच्या आसपास एक वेळ अशी येते की स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या आवाजावरून कोण चिडलंय ते कळायला लागतं. तोवर टिका. रात्री स्वेटर आणि मोजे न्या, कंट्रोल रूम मशीनसाठी थंड ठेवलेली असते, माणसांसाठी नाही. डबा घरचा न्या. पहाटे मुंबईच्या चित्रनगरीतून निघत असाल तर गाडी दारात आल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नका. तिथे बिबटे खरोखर फिरतात.

एखादा स्पर्धक तुम्हाला आवडायला लागेल. त्याची चिंता करू नका, आठ तास रोज एका माणसाला बघितल्यावर तसं होणारच. फक्त त्या आठवड्यात पाळी वाटताना दुसरा धागा मागून घ्या. मी मागून घेते. कारण विचारलं तर खरं सांगते.

गेल्या पर्वात आमच्याकडे चंद्रपूरचा एक मुलगा नवीन आला. पहिल्याच रात्रीच्या लॉगमध्ये त्यानं अकरा प्रश्नचिन्हं टाकली. सकाळी पाळी बदलताना ती बघून वरचे वैतागले, एडिट अडलं होतं. तो खाली मान घालून बसला होता. मी घरी जायची थांबले. एकाच यंत्राला दोन हेडफोन लावले, त्याच्या पलंगांचा नकाशा मध्ये ठेवला आणि पहिल्यापासून ऐकायला बसलो. साडेआठपर्यंत नऊ सुटली. त्यातली तीन मला चुकीची ऐकू येत होती, त्याला बरोबर. उरलेली दोन आम्ही सहा-सहा वेळा ऐकली. मग ती तशीच ठेवली आणि लॉग पाठवून दिला.